रेघेतली खाच

स्प्रेडशीटच्या एका रकान्यात १.५८ हा आकडा होता आणि तो चुकलेला आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ओळ जपानची, स्तंभ १९६६ चा. डावीकडे १९६५ मध्ये २.१४, उजवीकडे १९६७ मध्ये २.२३. हा एकूण जननदर, म्हणजे एक बाई आयुष्यभरात सरासरी किती मुलांना जन्म देईल त्याचा अंदाज. असल्या गोष्टी रांगत बदलतात. लग्नाचं वय, शिक्षण, घरं, पगार असं बरंच काही हललं की कुठे पाच-दहा वर्षांत हा आकडा जरासा सरकतो. एका वर्षात पाव हिस्सा गळून पडायचा आणि पुढच्या वर्षी जणू काही झालंच नाही असं परत वर यायचं? कुणीतरी आकडे भरताना माती खाल्ली असणार.

मी रकाना पुसला आणि तिथे दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी घातली. २.१८५. रेघ लगेच शहाण्या मुलीसारखी नीट बसली. फाइल सेव्ह करून मी मोकळी झाले.

मला आलेखांचं वेड लागलं ते २०१० नंतर. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने आपली आकडेवारी सगळ्यांना फुकट खुली केली. त्याआधी तिचा बराच भाग वर्गणी भरणाऱ्यांपुरताच होता. दोनशेहून जास्त देश, १९६० पासूनची वर्षं, बालमृत्यू, साक्षरता, आयुर्मान, शाळेत जाणाऱ्या मुली, सगळं एकदम हाताशी आलं. स्वीडिश डॉक्टर हान्स रोसलिंग यांचं २००६ मधलं ते बुडबुड्यांचं भाषण तोवर गाजून गेलं होतं. देशांचे रंगीत बुडबुडे पडद्यावर वर-खाली पळतायत आणि ते शेजारी उभे राहून क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं बोलतायत. सगळ्यांसारखी मीही थक्क झाले होते. पण खरं सांगायचं तर बुडबुड्यांशी माझं कधी जमलं नाही. ते पळतात. मधल्या एखाद्या वर्षी काय झालं हे विचारेपर्यंत पुढची दहा वर्षं निघून गेलेली असतात. रेघ जागची हलत नाही, तिच्यावर बोट ठेवून थांबता येतं.

अर्थात रेघेपर्यंत पोचणं सोपं नव्हतं. बँकेची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी फाइल उघडली की पहिल्या चार ओळींत आकडे नसतातच. माहिती कुणाची, शेवटची कधी बदलली, मध्ये मोकळी जागा, मग शीर्षकं. या ओळी मी आल्या आल्या उडवायचे. देश उभे आणि वर्षं आडवी असतात, म्हणून कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून ट्रान्सपोज करायचं. मग सगळं निवडून आलेखाचं बटण दाबायचं. पहिल्यांदा दाबलं तेव्हा आयुर्मानाची रेघ तळाला चिकटलेली दिसली आणि वर, दोन हजारांच्या आसपास, एक दिमाखदार रेघ जवळजवळ सरळ निघालेली. दहा मिनिटं मी त्या वरच्या रेघेचा अर्थ लावत बसले होते. ती वर्षांची रेघ होती. १९६०, १९६१ हा काळ आहे हे स्प्रेडशीटला कसं कळावं? तिच्या लेखी तेही आकडेच. वर्षांच्या स्तंभावरचं शीर्षक पुसून तो कोपऱ्यातला रकाना रिकामा ठेवला की एक्सेल बहुतेक वेळा समजून घेतं. हे मला कुणी शिकवलं नाही, वैतागून पुसलं तेव्हा कळलं.

दुसऱ्या आठवड्यात जगाची लोकसंख्या काढली. सगळ्या ओळींची बेरीज मारली, तर जग असायला हवं त्याच्या कितीतरी पट निघालं. देशांच्या यादीत ‘अरब जग’, ‘युरो क्षेत्र’ आणि खुद्द ‘जग’ हेसुद्धा ओळी अडवून बसलेले असतात, हे तेव्हा लक्षात आलं. दोन ठिकाणच्या फाइली जोडताना नावांचा घोळ वेगळाच. एकीकडे नुसतं इजिप्त, दुसरीकडे ‘इजिप्त, अरब रिपब्लिक’. व्हीलुकअप, म्हणजे नाव जुळवून दुसऱ्या फाइलीतला आकडा आणून देणारं एक्सेलचं सूत्र, असल्या बाबतीत फार मानी असतं, स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी ओळख दाखवत नाही. नावांच्या नादी न लागता देशांच्या तीन अक्षरी कोडवर जोडणी करायची, एवढं शिकले आणि पुढे सरकले.

वर्षं समान अंतराने नसतील तर साधा लाइन चार्ट वापरू नये, हे मात्र शिकायला वेळ लागला. जनगणनेचे आकडे दहा वर्षांनी येतात, मध्येच एखादं सर्वेक्षण होतं, मग दरवर्षी नोंदी मिळू लागतात. १९९०, २०००, २००५, २००६, २००७. लाइन चार्ट हे पाच ठिपके रांगेत उभे केलेल्या मुलांसारखे सारख्या अंतरावर ठेवतो. दहा वर्षांची चढण आणि एका वर्षाची चढण दिसायला सारखीच रुंद. मग वाटतं, २००५ पासून प्रगतीच थांबली बाई! थांबलं काही नसतं, मोजणारे जास्त वेळा यायला लागलेले असतात. स्कॅटर चार्ट घेतला आणि ठिपके रेघेने जोडले की वर्षं आपापल्या जागी बसतात.

पण खरी मेख आहे ती रिकाम्या रकान्यांत. सार्वजनिक आकडेवारी म्हणजे छिद्रांचं कापड. गरीब देश, युद्धातली वर्षं, नवे देश, बदललेल्या व्याख्या, सगळीकडे पांढरे चौकोन. तिथे काय करायचं हे स्प्रेडशीट तुम्हाला विचारत नाही, स्वतःच ठरवून मोकळी होते. एक्सेलमध्ये ही निवड आलेखावर राइट क्लिक, ‘सिलेक्ट डेटा’, आणि त्या खिडकीच्या अगदी खाली कोपऱ्यात ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’ अशी दडवून ठेवली आहे. मला दोन-तीन वर्षं ती सापडलीच नव्हती. तीन पर्याय असतात: रेघ तोडा, शून्य धरा, किंवा अलीकडचा आणि पलीकडचा ठिपका सरळ जोडून टाका. शून्य धरलं तर एखाद्या देशाची साक्षरता एका वर्षी साफ नाहीशी होते आणि दुसऱ्या वर्षी पूर्ववत येते. ते इतकं हास्यास्पद दिसतं की निदान पकडलं तरी जातं. रकाना रिकामा नसून त्यात मजकूर असेल तेव्हाही असंच होतं. काही फाइलींत ‘माहिती नाही’ या अर्थी दोन टिंबं टाकलेली असतात. गुगल ट्रेंड्सच्या उतरवलेल्या फाइलीत अगदी कमी शोध झालेल्या आठवड्यापुढे ‘एकाहून कमी’ असं चिन्ह असतं. दोन्ही मजकूरच, आणि एक्सेलचा आलेख मजकुराला शून्य समजतो. तिसरा पर्याय मात्र फसवतो, कारण तो छान दिसतो. जोडलेली रेघ अखंड, आत्मविश्वासाने चाललेली. मधली सहा वर्षं कुणीच काही मोजलेलं नाही याचा तिच्यावर मागमूस राहत नाही.

इथे मला विल्यम प्लेफेअर आठवतात. काळ आडवा आणि रक्कम उभी धरून देशांच्या आयात-निर्यातीच्या रेघा छापणाऱ्या या स्कॉटिश गृहस्थांचं पुस्तक १७८६ मध्ये आलं. त्याआधी ते जेम्स वॅट यांच्याकडे नकाशे-आराखडे काढायचं काम करत. त्या पुस्तकातले एक सोडून सगळे आलेख काळाच्या रेघांचे आहेत. तो एक आहे स्कॉटलंडचा. खुद्द त्यांच्याच मायभूमीचे सालवार आकडे त्यांना मिळाले नव्हते, १७८० च्या नाताळपासून पुढच्या नाताळपर्यंतचे एका वर्षाचे तेवढे होते. त्यांनी बाकीची वर्षं मनाने भरली नाहीत. दांड्या काढल्या, प्रत्येक देशापुढे दोन, आणि वर हेही लिहून टाकलं की या आलेखात काळच नसल्यामुळे तो बाकीच्यांच्या मानाने फारच कमी उपयोगाचा आहे. आज दांड्यांच्या आलेखाचा आद्य नमुना म्हणून त्याचं कौतुक होतं. माझ्या लेखी तो एका माणसाने रिकामा रकाना रिकामाच ठेवल्याचा कागद आहे.

तेव्हा माझ्या अंगात हा प्रामाणिकपणा नव्हता. जननदराचा तो आलेख मी पंधरा-वीस देशांच्या रेघा घालून, रंग जुळवून, मोठ्या कौतुकाने कामावरच्या एका ज्येष्ठ बाईंना दाखवला. मॅडमची उभी हयात लोकसंख्याशास्त्रात गेलेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि रंगांबद्दल, अक्षरांबद्दल एक शब्द न बोलता विचारलं, “अगं, जपानचा सहासष्ट सालचा खड्डा कुठे गेला?”

मी म्हटलं, “मॅडम, तिथे टायपिंगची चूक होती. मी दुरुस्त केली.”

त्या हसल्या नाहीत, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात. “कुणी मोजलं होतं ते बघितलंस का?” एवढंच म्हणाल्या आणि कागद परत दिला.

मोजलं होतं, नीट मोजलं होतं. जपानमध्ये प्रत्येक जन्माची नोंद होते. १९६५ मध्ये १८ लाख २४ हजारांच्या आसपास मुलं जन्मली, १९६७ मध्ये १९ लाख ३६ हजारांच्या आसपास, आणि मधल्या १९६६ मध्ये सुमारे १३ लाख ६१ हजार. तिथल्या साठ वर्षांच्या कालचक्रात एक वर्ष ‘हिनोए-उमा’, म्हणजे अग्निअश्वाचं, येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याचं आयुष्य कमी करते अशी समजूत. पोटी मुलगी आली तर पुढे तिचं लग्न कसं जमणार, या काळजीने असंख्य जोडप्यांनी ते वर्षच टाळलं. विमानं, आगगाड्या, टीव्ही बनवणारा, नुकतंच ऑलिंपिक भरवलेला देश, आणि एका समजुतीपायी वर्षभरात साडेचार लाखांहून जास्त पाळणे कमी हलले. लाखो घरांत रात्री दबक्या आवाजात जे बोललं गेलं असेल, त्याची ही एवढी नोंद. आणि ती मी २.१८५ लिहून बुजवली होती.

पुढे १९८९ मध्ये जपानचा जननदर १.५७ वर आला, तेव्हा त्या देशात खळबळ उडाली. ‘एक पॉइंट पाच सातचा धक्का’ असं त्याला नाव पडलं. धक्का कशाचा, तर अग्निअश्वाच्या वर्षापेक्षाही आकडा खाली गेला, तोही या वेळी कुठल्याही समजुतीशिवाय. माझ्या दुरुस्त केलेल्या आलेखावर या धक्क्याचा काही अर्थच लागला नसता.

त्यानंतर मी गंमत म्हणून नव्हे, जरा स्वतःवर चिडून, आणखी एक गोष्ट करून पाहिली. १.५८ जागेवर ठेवलं आणि पाच वर्षांची चलसरासरी काढली, म्हणजे प्रत्येक वर्षाच्या जागी ते वर्ष आणि त्याच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन वर्षं यांची सरासरी. १९६४ पासून २.०५, २.१४, १.५८, २.२३, २.१३. पाचांची सरासरी २.०३. खड्डा जवळजवळ गायब. इथे मी काही पुसलं नव्हतं, कुणी खोडसाळपणाचा आरोप करू शकलं नसतं. उलट ‘स्मूद केलेला ट्रेंड’ म्हटलं की आलेखाला वजनच येतं. ट्रेंडलाइनचं ते बटण किती हाताशी ठेवलेलं असतं, आणि ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’ किती आत!

याच्या उलट्या दिशेची कहाणी आफ्रिकेतल्या रवांडाची. तिथलं आयुर्मान मी फार आधी काढून ठेवलं होतं, आणि त्या रेघेत एक मोठी, गोलसर घळ होती, खोलगट वाडग्यासारखी. रेघ १९९४ च्या कितीतरी आधीपासून हलके हलके उतरायला लागायची आणि तशीच हलके हलके चढायची. मला ते पटलंही होतं. दुःस्वप्न असंच येत असेल, असं काहीतरी काव्यात्म मनात येऊन गेलं होतं. जपानच्या फजितीनंतर मॅडमचा प्रश्न मी इथे विचारला: मोजलं कुणी? जगातल्या अनेक देशांत सगळ्या जन्ममृत्यूंची नोंद होत नाही. तिथले आकडे संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग जनगणना आणि सर्वेक्षणांवरून अंदाजाने बांधतो, आणि जागतिक बँकेच्या फाइलीत ते येतात. हे अंदाज अनेक वर्षं पाच-पाच वर्षांच्या गठ्ठ्यांनी काढले जात आणि मधली सुटी वर्षं गणिताने भरली जात. २०२२ च्या आवृत्तीपासून ते एकेका वर्षाचे झाले. मी नवी फाइल उतरवली, तीच रेघ पुन्हा काढली. वाडगा गेला होता. रेघ १९९४ पर्यंत येते आणि तिथे विहिरीसारखी सरळ खाली कोसळते.

तिथला नरसंहार एप्रिल ते जुलै १९९४ असा सुमारे शंभर दिवस चालला. लाखो माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी समाजातली. जुन्या रेघेने ते मृत्यू आजूबाजूच्या वर्षांवर वाटून टाकले होते. कुणाचा वाईट हेतू नव्हता, पद्धतच तशी होती. पण ती रेघ बघून मी जो अर्थ काढला, की सगळं आधीपासून हळूहळू खचत चाललं होतं, तो त्या पद्धतीतूनच आलेला होता.

म्हणजे प्रत्येक खाच खरी आणि प्रत्येक गुळगुळीत रेघ खोटी, असं म्हणावं तर तेही नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या कोविड रुग्णांचा रोजचा आलेख ठेवणाऱ्यांना ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक उंच सुळका दिसला. तो साथीचा नव्हता, फाइलीचा होता. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारात ओतली जात होती, त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते, आणि एकेका रुग्णामागे अनेक ओळी लागत होत्या. पलीकडचं सगळं गपचूप गळून पडत होतं. अशा १५,८४१ नोंदी आठ दिवसांत निसटल्या आणि सापडल्यावर एकदम भरल्या गेल्या. त्याच काळातल्या बहुतेक देशांच्या रोजच्या आलेखात दर आठवड्याला एक घसरण दिसायची. रविवारी विषाणू सुट्टी घेत नाही, नोंद करणारा घेतो. तिथे सात दिवसांची सरासरी काढणं अगदी योग्य, मीही काढायचे. पुसायला हरकत नसते. फक्त आपण काय पुसतोय, माणसांचं वागणं की कचेरीचं वेळापत्रक, एवढं ठाऊक हवं.

कधीकधी तर खाच-बिच राहू द्या, अख्खी रेघच उचलून दुसरीकडे ठेवलेली असते. जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा २०१५ पासून रोजी १.९० डॉलर होती, २०२२ पासून २.१५ झाली, जून २०२५ पासून ३ डॉलर. दर वेळी मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे नव्या रेषेने परत मांडले जातात. जुन्या शीटखाली नवे आकडे चिकटवले तर एका रात्रीत कोट्यवधी लोक गरीब झालेले दिसतात. मी एकदा चिकटवले होते. तेव्हापासून फाइलीच्या डोक्यावरच्या त्या चार ओळी मी उडवत नाही. ‘शेवटचा बदल’ ही तारीख आलेखाखाली बारीक अक्षरांत घालते.

जननदराची ती शीट अजून माझ्याकडे आहे. आता तिच्यात दोनच देश ठेवलेत. एक जपान, १.५८ सकट. दुसरा रोमानिया. तिथल्या सरकारने ऑक्टोबर १९६६ मध्ये एका हुकमाने गर्भपातावर बंदी आणली, गर्भनिरोधकं तर मिळेनाशीच होती, आणि १९६७ मध्ये आधीच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट मुलं जन्मली. एका रेघेत सहासष्टचा खड्डा, दुसरीत सदुसष्टचा सुळका, शेजारी शेजारी. एका ठिकाणी घराघरांतली भीती, दुसऱ्या ठिकाणी सरकारी कागद. कोण बघायला आलं तर मी काही बोलत नाही, आधी ते कुठे बोट ठेवतात ते बघते. एकाने जपानच्या खड्ड्यावर बोट ठेवून, “इथे डेटा गडबडलेला दिसतोय,” असं म्हटलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

साठ वर्षांचा फेरा धरला तर पुढचं अग्निअश्वाचं वर्ष २०२६. त्याचा स्तंभ मी करून ठेवलाय. जपानचा जननदर २०२३ मध्येच १.२० वर आलेला होता, त्यामुळे खाच पडली तरी शून्य ते चार अशा अक्षावर ती सहज डोळ्यांत भरणार नाही; रोमानियाला बाजूला काढून, अक्ष आवळून वेगळा आलेख करावा लागेल. तूर्त तो रकाना रिकामा आहे आणि खाली कोपऱ्यातला पर्याय ‘रेघ तोडा’वर ठेवलेला आहे.